लिहिणाऱ्या हातांचं दुखणं

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. १७१३च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांवर एक प्रकरण घातलं. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हात एकाच दिशेने अखंड चालवणं आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, पण थोड्याच काळात तोही हात तसाच गेला.

पुण्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावणं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. उजवं मनगट आणि अंगठा दुखायला लागल्यावर मीही माऊस डावीकडे घेतला होता. पुढे डावं मनगटही ठणकू लागलं. म्हणून त्या लेखनिकाची गोष्ट मला परकी वाटत नाही.

आमच्या धंद्यात आधी खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. ते खिळ्यांच्या खणांसमोर उभे राहून काम करत. शिसं आणि शाई त्यांच्या वाट्याला होती, पण अंग हलत असे. टाइपरायटरच्या कळा जड होत्या. तरी ओळ संपत आली की घंटी वाजायची, कॅरेज मागे ढकलायचं, पान संपलं की कार्बन लावून नवे कागद चढवायचे. एवढ्यात बोटांना उसंत मिळायची. कॉम्प्युटरवर कळ हलकी झाली आणि ही उसंत गेली. ओळ आपोआप खाली उतरते, पान कधी संपतच नाही. त्यात आपली लिपी. रेमिंग्टन कीबोर्डवर बऱ्याच अक्षरांचं अर्धं रूप उमटवून मग काना जोडायचा, म्हणजे एका अक्षराला दोन ठोके. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ख, घ, छ, थ यांना शिफ्ट लागते, आणि ते काम सगळ्यांत नाजूक बोटाचं, करंगळीचं. वर पैसे पानामागे, त्यामुळे थांबलं की कमाई थांबते.

या दुखण्याला कामाचं दुखणं म्हणायला मात्र जगाने नेहमीच खळखळ केली. तारेच्या जमान्यात मोर्सची कळ दाबणाऱ्यांचे हात आखडत. ब्रिटनने १९०८ साली या आजाराला भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत घातलं. पण १९११च्या तिथल्या सरकारी समितीने कामाच्या थकव्याबरोबर ऑपरेटरच्या मज्जासंस्थेच्या कमकुवतपणालाही दोष दिला. पुढे १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्या हजारोंचे हात दुखू लागले, तेव्हाही हे शरीराचं की मनाचं, असाच वाद रंगला. १९९३ साली लंडनमध्ये एका पत्रकाराचा दावा फेटाळताना न्यायाधीशांनी या आजाराला वैद्यकाच्या पुस्तकात जागाच नाही, असं म्हटलं. अमेरिकेत कामाच्या जागी असे आजार टाळण्यासाठी २००० साली नियम आला आणि २००१च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने तो रद्द केला.

मला माझ्या मालकांनी सांगितलं की बायकांचे हात घरकामाने दुखतात. माझ्याबरोबरच्या पुरुष ऑपरेटरचं मनगटही पट्ट्यात होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

आज मला कुकरचं झाकण फिरवून लावता येत नाही. भाकरी थापणं सुटलं. रात्री बोटं मुंग्या येऊन बधिर होतात आणि हात खाली लोंबता सोडून झटकत बसावं लागतं. बाहेरून हात धडधाकट दिसतो, त्यामुळे बसमध्ये दांडा धरता येत नाही हे कोणाला पटत नाही. हा लेख मी फोनला तोंडी सांगून लिहून घेतला आहे. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर मुलीने बसून नीट केली.

हे सगळं टाळता आलं असतं, आणि मला सर्वांत जास्त लागतं ते हेच. जपानमध्ये पंचकार्डांसाठी कळा दाबणाऱ्या मुलींचे हात आणि माना जायबंदी होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या श्रम मंत्रालयाने १९६४ साली मर्यादा सांगितल्या: दिवसाला कीबोर्डवर ५ तासांहून जास्त काम नको, दर तासाला १० मिनिटं विश्रांती आणि दिवसाचे ठोके ४०,०००च्या आत. जिथे हे पाळलं गेलं तिथे दुखणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. पुण्यातल्या छपाईच्या धंद्यात डीटीपी रुजायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. औषध ठाऊक होतं, ते आमच्यापर्यंत कोणी पोचवलं नाही.

म्हणून छापखाने, प्रकाशक आणि डेटा एंट्रीचं काम देणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: पानाचा दर ठरवताना तासातली दहा मिनिटं विश्रांतीची धरा आणि तिचेही पैसे द्या. आणि कळा बडवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर पट्टा बांधून रेटू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.