स्पोर्टी कारचे टायर बदलताना नेमकं काय बघायचं? उत्तर टायरच्या बाजूवरच लिहिलेलं असतं

हुपरीत चांदी घेताना नुसती चकाकी बघून कुणी पैसे मोजत नाही. आधी टंच विचारला जातो, मग भाव ठरतो. टायरच्या दुकानात मात्र बहुतेक जण 'चांगलेसे टाका' एवढंच सांगून मोकळे होतात. साधी कार असेल तर एकवेळ चालून जातं. पण टर्बो इंजिनची, झटकन वेग पकडणारी गाडी असेल तर हा निष्काळजीपणा पहिल्याच पावसात महागात पडू शकतो.

हातकणंगले तालुक्यातली हुपरी देशभर ओळखली जाते ती पैंजणांसाठी. मोटारस्पोर्टवाल्यांना मात्र ती आणखी एका कारणाने माहीत आहे. मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक याच परिसरात आहे. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक तर थेट ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. त्यामुळे वेगवान गाड्यांची हौस या भागाला नवी नाही. पण ट्रॅकवरचं टायर वेगळं आणि उसाच्या ट्रॅक्टरमागून जाणाऱ्या गाडीचं वेगळं. हा फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊ.

बाजूवरचे आकडे काय सांगतात?

फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाच्या वरच्या मॉडेलचं उदाहरण घेऊ. या गाड्यांना २०५/५५ आर १६ मापाचे टायर येतात. यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये.

त्यापुढे बऱ्याचदा ९१ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ९१ हा भार निर्देशांक आहे. याचा अर्थ एक टायर ६१५ किलो भार पेलू शकतो. व्ही ही वेगाची मर्यादा आहे, ताशी २४० किलोमीटर. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००.

महामार्गावर एवढ्या वेगाने जायचंच नाही, मग हे अक्षर कशाला बघायचं? कारण ते टायर किती उष्णता सहन करतो हेही सांगतं. जोरात ब्रेक लावताना आणि वळणावर टायरची भिंत वाकते, रबर तापतं. वरच्या दर्जाच्या टायरची बांधणी हे सहन करण्यासाठीच असते. म्हणून साधा नियम असा: कंपनीने दिलेल्या भार आणि वेगाच्या दर्जापेक्षा खाली कधीच जायचं नाही. वर गेलं तर चालतं.

पकड हवी की आयुष्य?

दोन्ही पूर्णपणे मिळत नाही. मऊ रबर रस्त्याला चिकटतं, पण लवकर झिजतं. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, पण पकड कमी देतं.

याचा अंदाज घ्यायला अनेक टायरवर 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा असतो. ही मूळ अमेरिकेची पद्धत. २००च्या आसपासचा आकडा ट्रॅकसाठीच्या मऊ टायरचा असतो. ३००च्या जवळपास रस्त्यावरचे परफॉर्मन्स टायर येतात. ४००च्या पुढे रोजच्या वापराचे, टिकाऊ टायर. त्याच्या शेजारी एए, ए, बी किंवा सी असतं. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर मिळणाऱ्या पकडीबद्दल सांगतं. एए सर्वात चांगलं.

एक सावधगिरी मात्र हवी. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी आहे, वेगवेगळ्या कंपन्यांसाठी फारसा नाही.

खरी परीक्षा पावसात

कोरड्या ट्रॅकवर कार्टला खाचा नसलेले, गुळगुळीत टायर लावतात. पूर्ण रबर रस्त्याला टेकतं आणि पकड वाढते. पाऊस आला की तेच टायर निरुपयोगी होतात, कारण पाणी बाहेर जायला वाटच नसते. रस्त्यावरच्या गाडीचा टायर झिजून गोटा झाला की त्याचंही नेमकं हेच होतं.

पाण्याचा थर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये शिरला की गाडी पाण्यावर तरंगते. याला अॅक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग फिरवा किंवा ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून यासाठी एक ठोकताळा निघाला. त्यानुसार ३२ पीएसआय हवा असलेला टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २४ पीएसआयवर आली की हाच आकडा सुमारे ८२ होतो. खाचा झिजलेल्या असतील तर पाण्याचा पातळ थरही पुरतो.

म्हणजे गगनबावडा किंवा आंबा घाटात पावसाळ्यात गाडी न्यायची असेल, तर खोल आणि रुंद खाचा असलेला टायर महत्त्वाचा. गळीत हंगामात हुपरी परिसरातल्या रस्त्यांवर उसाचं पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल असतो. ट्रॅकसाठी बनलेला, कमी खाचांचा टायर इथे उपयोगाचा नाही.

कारसाठी खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली की टायरचं काम संपलं. परफॉर्मन्स कारसाठी मात्र तिथपर्यंत थांबू नये. ३ मिलिमीटरच्या आसपासच बदलाचा विचार करावा.

मोठे रिम टाकावेत का?

१६ इंचांच्या जागी १७ इंचांचे रिम टाकायची हौस अनेकांना असते. ते करता येतं, पण चाकाचा एकूण व्यास मूळच्या जवळ राहायला हवा. २०५/५५ आर १६ चा व्यास साधारण ६३२ मिलिमीटर भरतो. २०५/५० आर १७ चा ६३७, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. पण २१५/५० आर १७ घेतला तर तो ६४७ होतो, म्हणजे फरक सव्वादोन टक्क्यांच्या वर. अशा वेळी स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि टायर मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते.

दुसरं म्हणजे, रिम मोठा झाला की टायरची भिंत लहान होते. वळणावर गाडी घट्ट वाटते हे खरं. पण खड्ड्यात आदळल्यावर धक्का झेलायला रबरच उरत नाही. टायरला फुगा येतो किंवा रिम वाकतो. बाजूला फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. मूळ मापात बदल केला तर विमा कंपनीला कळवणंही शहाणपणाचं.

हवा तोच टायर का मिळत नाही?

परदेशी व्हिडिओंमध्ये कौतुक झालेला टायर दुकानात नसतो, त्यामागे सरकारी धोरणही आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले. आयातीसाठी परवाना लागू लागला. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या कार टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यामुळे कमी खपाची मापं कधी मिळतात, कधी नाही.

अशा वेळी दुकानात पडून असलेला जुना माल गळ्यात पडू शकतो. म्हणून बाजूवरचा चार आकडी क्रमांक बघावा. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. रबर न वापरताही वयानुसार कडक होतं. खाचा नव्या दिसल्या तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असा सल्ला टायर कंपन्या देतात.

दोनच बदलले तर?

चारही एकदम बदलणं उत्तम. बजेट नसेल तर एका अॅक्सलवरचे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्यावेत. आणि नवी जोडी मागे लावावी, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढचे टायर घसरले तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

टायरवर बाण असेल तर तो फिरण्याची दिशा दाखवतो. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच यायला हवी. दुकानातून निघण्याआधी हे स्वतः बघावं. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावं, नाहीतर महागडा टायर एका कडेने झिजतो.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी जपून चालवावी. नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचा निसरडा थर असतो, तो निघून जायला वेळ लागतो. त्यानंतर महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना हवा तपासावी. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

चार चाकं मिळून रस्त्याला टेकतं ते फक्त चार तळहातांएवढं रबर. इंजिनची ताकद, ब्रेक आणि एबीएस हे सगळं तिथूनच रस्त्यापर्यंत पोहोचतं. त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात भाव विचारण्याआधी टायरचा टंच विचारायला हवा: माप, भार, वेग आणि बनल्याची तारीख.