लेसरचा किरण आणि गव्हाळ त्वचा

चेहऱ्यावरील नकोशी लव, मुरुमांमुळे पडलेले खड्डे, बालपणी कपाळावर गोंदवून घेतलेले गोंदण किंवा जन्मतःच असलेला लाल डाग, या सर्वांवरचा उपाय म्हणून आज लेसरचे नाव घेतले जाते. वास्तविक लेसर हे एकच यंत्र नव्हे आणि एकच उपचारही नव्हे. ‘लेसर केले’ हे विधान ‘औषध घेतले’ याइतकेच मोघम आहे. कोणते लेसर, किती तीव्रतेचे आणि कोणत्या रंगाच्या त्वचेवर, यावर त्याचा गुण किंवा अपाय अवलंबून असतो.

किरण काम कसे करतो?

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून पहिले लेसर तयार केले. सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लिऑन गोल्डमन यांनी त्याच दशकात त्वचेवर त्याचे प्रयोग सुरू केले. मात्र आजच्या उपचारांचा पाया १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलेल्या सिद्धान्ताने घातला गेला. त्वचेतील प्रत्येक घटक विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अधिक प्रमाणात शोषतो. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडला, तर तेवढाच घटक तापून नष्ट होतो आणि आजूबाजूची त्वचा सुरक्षित राहते. केसांच्या मुळांतील मेलॅनिन, रक्तवाहिन्यांतील हिमोग्लोबिन, गोंदणाची शाई आणि पेशींतील पाणी ही या किरणांची प्रमुख लक्ष्ये होत.

भारतीय त्वचेचा प्रश्न

खरी अडचण येथेच सुरू होते. मेलॅनिन हे रंगद्रव्य केवळ केसांत नसते, ते त्वचेतही असते. उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे सहा प्रकार करणारी फिट्झपॅट्रिक यांची श्रेणी प्रचलित आहे. बहुसंख्य भारतीयांची त्वचा तीत चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत किरणाची बरीच ऊर्जा मुळापर्यंत पोहोचण्यापूर्वी वरच्या थरातच शोषली जाते आणि त्वचा भाजते. गोऱ्या युरोपीय त्वचेसाठी ठरवलेली मात्रा येथे जशीच्या तशी वापरता येत नाही. म्हणूनच सावळ्या त्वचेवरील केसांसाठी खोलवर जाणारे आणि मेलॅनिनमध्ये तुलनेने कमी शोषले जाणारे १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित मानले जाते. डायोड लेसरही वापरले जाते, परंतु त्याची मात्रा आणि त्वचा थंड ठेवण्याची व्यवस्था काटेकोर असावी लागते.

उपयोग कोठे, मर्यादा कोणत्या?

केस काढण्यासाठी साधारणपणे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ बैठका लागतात, कारण वाढीच्या अवस्थेतील केसांवरच किरणाचा परिणाम होतो. पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसल्याने त्यांवर उपयोग होत नाही. केस कायमचे नाहीसे होण्यापेक्षा दीर्घकाळ कमी आणि विरळ होतात, असे म्हणणे अधिक योग्य. अंडाशयाच्या पीसीओएससारख्या विकारामुळे हनुवटीवर केस येत असतील, तर मूळ विकारावर उपचार न करता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

गोंदणाची काळी-निळी शाई क्यू-स्विच्ड एनडी-यागने चांगली फिकी होते. हिरवा, पिवळा असे रंग मात्र चिवट असतात. जन्मजात लाल डागांसाठी पल्स्ड डाय लेसर वापरले जाते. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेवर सूक्ष्म छिद्रांच्या स्तंभांची जाळी करते. मधली अबाधित त्वचा जखम लवकर भरून काढते. वांगावर मात्र लेसर हा पहिला उपाय नव्हे. वांग पुन्हा उमटतात आणि कधी अधिक गडदही होतात. आकार किंवा रंग बदलणारा तीळ तर तपासणी केल्याविना लेसरने कधीही काढू नये. त्यात कर्करोग असल्यास निदानच लांबणीवर पडते.

धोके

उपचारानंतर काही तास लाली आणि किंचित सूज राहणे स्वाभाविक आहे. फोड येणे, काळे चट्टे पडणे, संसर्ग होणे हे मात्र दुष्परिणाम होत. काळे चट्टे बहुधा काही महिन्यांत फिकट होतात; परंतु पांढरे डाग आणि व्रण कायमचे राहू शकतात. काही स्त्रियांत गालाच्या कडेला आणि मानेवर उपचारानंतर केस उलट वाढल्याचेही आढळते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल, तर दृष्टीला इजा होण्याचा धोका असतो. सौंदर्यप्रसाधनगृहांत ‘लेसर’ म्हणून दाखवले जाणारे यंत्र अनेकदा आयपीएल असते. तो वेगळ्या प्रकारचा प्रकाश असून सावळ्या त्वचेवर अधिक जपून वापरावा लागतो.

उपचारापूर्वी

गरोदरपण, व्रण उंचावण्याची प्रवृत्ती, ओठांवर वारंवार येणारी नागीण, पसरत असलेले कोड आणि मुरुमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनोइन यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. केस काढायचे असल्यास चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि उपटणे बंद ठेवावे. दाढीच्या ब्लेडने केस कापणे चालते. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर उपचार करून घेऊ नयेत. लग्नाआधी महिनाभर धावाधाव करण्याची पद्धत म्हणूनच घातक ठरते. बैठकांचा हिशेब पाहता किमान आठ महिने आधी सुरुवात करावी आणि शेवटची बैठक हळदीच्या कार्यक्रमापूर्वी पुरेसे दिवस राखून आटोपावी. नवे यंत्र किंवा वाढीव मात्रा वापरण्याआधी छोट्या भागावर चाचणी घ्यावी.

उपचारानंतर

पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. बर्फ थेट त्वचेवर घासू नये. दोन-तीन दिवस गरम पाण्याचे स्नान, वाफ, पोहणे आणि घाम गाळणारा व्यायाम टाळावा. ब्लीच, स्क्रब आणि लिंबू-हळदीचे घरगुती लेप जखम भरेपर्यंत लावू नयेत. खपली नखाने काढू नये, ती आपोआप पडू द्यावी. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी लावावे. स्कार्फ आणि छत्रीचाही वापर करावा. पावसाळ्यातील ढगाळ हवेतही हा नियम लागू आहे, कारण अतिनील किरण ढगांतून येतात. फोड, वाढती वेदना किंवा पू दिसल्यास पुढील बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

लेसर हे प्रभावी साधन आहे. मात्र यंत्राची किंमत ही त्याच्या सुरक्षिततेची हमी नव्हे. ते चालवणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे काय, आपल्या त्वचेसारख्या त्वचेवर तिने उपचार केले आहेत काय आणि भाजल्यास काय करणार, हे तीन प्रश्न सवलतीच्या दराआधी विचारावेत.