हिरड्याच्या पाण्यापासून काँक्रीटच्या केमिकलपर्यंत

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, गिरिजात्मजाच्या देवळात, एवढं मोठं दालन असून आत एकही खांब नाही. सगळं काम अखंड काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं. तिथे चुना लागला नाही, की माल कालवायला पाणी लागलं नाही. दगड कोरण्याऐवजी रचायची वेळ आली की मात्र मधे चुना येतो आणि चुन्याबरोबर पाण्याची अडचण येते. पाणी कमी पडलं तर माल पसरत नाही, जास्त झालं तर वाळताना भेगा पडतात.

यावरचा जुना उपाय याच डोंगरांत झाडाला लागतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून वाळवतात आणि विकतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली तेव्हा इथल्या घरांचं हक्काचं उत्पन्न गेलं. हिरडा औषधात जातो, कातडं कमावायलाही लागतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचा तिसरा उपयोग बांधकामातला. हिरडा कुटून गुळाबरोबर पाण्यात काही दिवस मुरवायचा आणि ते पाणी चुन्याच्या घाणीत घालायचं. तमिळ मुलखातल्या कारागिरांनी ही रीत आजवर टिकवली आहे. हिरड्यातलं टॅनिन चुन्याच्या कणांवर बसतं, कणांचे गोळे होऊ देत नाही आणि थोड्या पाण्यातही माल मऊ राहतो. गूळ माल लवकर आवळू देत नाही. काँक्रीटमध्ये घालायच्या आजच्या केमिकलकडून आपण हीच दोन कामं करून घेतो, म्हणून त्याच्या कुळातला पहिला पुरुष मी हिरड्यालाच मानतो.

सिमेंट आलं आणि पाण्याचा हिशेब अधिक कडक झाला. 50 किलोच्या गोणीला रासायनिक क्रियेसाठी पाणी लागतं साधारण 12 लिटर. एम-20 प्रतीच्या काँक्रीटच्या ठरीव मिश्रणाला आपलं आयएस 456 हे मानक जास्तीत जास्त 30 लिटरची मुभा देतं. वरचं बहुतेक पाणी माल वाहता राहावा एवढ्यासाठीच असतं. ते पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. याच पोकळ्यांतून ओल शिरते, सळई गंजते, स्लॅबचे पोपडे पडतात. पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते, हा नियम अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये मांडला.

मग शोध सुरू झाला तो पाणी न वाढवता माल वाहता करण्याचा. 1930 च्या दशकात अमेरिकेत कागदाच्या कारखान्यातलं सांडपाणी उपयोगी पडलं. लाकूड शिजवल्यावर उरणाऱ्या त्या काळपट द्रवात लिग्नोसल्फोनेट असतं. लाकडातलं लिग्निन आणि हिरड्यातलं टॅनिन, दोन्ही फिनॉलच्या जातीची संयुगं. म्हणजे माल वाहता करणारं पहिलं औद्योगिक रसायन, प्लॅस्टिसायझर, हेही झाडातूनच आलं! त्याने पाणी 5 ते 10 टक्के वाचतं. डोस वाढवला तर माल तासन्‌तास आवळत नाही, कारण त्यात लाकडातली साखर उरलेली असते.

पुढचा टप्पा प्रयोगशाळेतला. जपानमध्ये काओ सोप कंपनीच्या केनिची हात्तोरी यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला नॅफ्थलीनपासून सुपरप्लॅस्टिसायझर बनवलं. नॅफ्थलीन सल्फ्युरिक ॲसिडबरोबर 160 अंशांच्या आसपास तापवायचं, फॉर्मल्डिहाइडने त्याच्या साखळ्या जोडायच्या आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्ल मारायचं. या साखळ्या सिमेंटच्या कणांवर बसल्या की सगळे कण ऋणभारित होतात, एकमेकांना दूर लोटतात आणि त्यांच्या गोळ्यांत अडकलेलं पाणी मोकळं होतं. त्याच सुमारास जर्मनीत मेलामाइनपासूनचं रसायन आलं. जपानी लोकांनी आपल्या रसायनाने पाणी तोडलं, जर्मनांनी आपल्या रसायनाने माल वाहता केला.

1980 च्या दशकात जपानमध्येच पॉलिकार्बोक्सिलेट आलं. त्याचा कणा सिमेंटला चिकटतो आणि बाजूच्या लांब शेपट्या दोन कणांमध्ये अंतर राखतात. पाणी 30 टक्क्यांपर्यंत तुटतं. रेडीमिक्सचा ट्रक रहदारीत अडकला तरी माल पंपातून चढण्याजोगा राहतो, तो याच रसायनामुळे.

आपल्या दख्खनच्या दगडाशी मात्र त्याचं जपून जमवावं लागतं. नदीची वाळू मिळेना तेव्हा आपण बेसॉल्टच्या क्रश सँडकडे वळलो. तिचे दाणे कोनदार, त्यांना पाणी जास्त लागतं, म्हणून केमिकलची गरज वाढली. पण खाणीतल्या दगडाबरोबर कुजका मुरूम आला तर त्यातली फुगणारी माती त्या शेपट्या गिळून टाकते. मग मिस्त्री म्हणतो, केमिकल खोटं आहे. खोट असते वाळूत. ती धुतलेली हवी, आणि त्याच सिमेंट-वाळूवर आधी चाचणी घ्यायला हवी. आयएस 9103 नुसार सुपरप्लॅस्टिसायझरने पाणी किमान 20 टक्के कमी व्हायला हवं. ते होतंय की नाही, हे अशा चाचणीतच कळतं.

जुनं ते चांगलं म्हणून सिमेंटमध्ये गूळ किंवा हिरडा घालू नका. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरही सेटिंग कित्येक तास लांबवते. घर बांधत असाल तर स्लॅबच्या दिवशी मिक्सरजवळ उभे राहा, वरची बादली ओतू देऊ नका आणि केमिकल मापाने घालायला लावा. ते वाचलेलं पाणी स्लॅब आवळल्यावर वरून द्या: साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसी म्हणजे पोझोलाना सिमेंटला किमान 10 दिवस.