मुंबईच्या विकास खात्याच्या चाळी : एक गणित

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, आणि दाट वस्तीचा प्रश्न राज्यकर्त्यांना टाळता येईनासा झाला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रोगट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. परंतु प्रारंभीच्या काळात पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे थोडीच झाली. पहिल्या महायुद्धानंतर टंचाई तीव्र झाली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, सरकारने स्वतंत्र विकास खाते निर्माण केले. तेच पुढे ‘बी. डी. डी.’ या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले.

शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून ६२५ चाळींत ५०,००० खोल्या बांधावयाच्या, असा या खात्याचा संकल्प होता. हे आकडे बोलके आहेत. तळमजला धरून चार मजले, दर मजल्यास वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. ऐंशीस ६२५ ने गुणले असता बरोबर ५०,००० होतात. एकच नकाशा आणि त्याचा गुणाकार, हेच या योजनेचे तत्त्व होते. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, मधून बोळ, शौचकूप सामाईक आणि बांधकाम काँक्रीटचे.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळीच उभ्या राहिल्या. त्यांतही वरळीच्या अनेक चाळी दीर्घकाळ ओस पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात काहींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. ज्या शहरात एकेका खोलीत अनेक कामगार दाटीने राहत होते, तेथेच सरकारी खोल्यांना भाडेकरू मिळू नयेत, हा विरोधाभास विचारात घेण्याजोगा आहे. कामगार घर निवडताना भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि गाववाल्यांचा शेजार पाहत असे. गुणाकारात यांपैकी कशासही स्थान नव्हते.

पुढे वस्ती भरली, तेव्हा रहिवाशांनी नकाशाचा अर्थच पालटला. जो बोळ आराखड्यात केवळ येण्याजाण्यापुरता होता, तो मुलांचे अंगण, रात्रीची निजण्याची जागा आणि सणासमारंभाचा मांडव झाला. कागदोपत्री जो ‘गाळा’, ती बोलण्यात ‘खोली’ राहिली. आणि घर म्हणजे खोली अधिक बोळ, असा व्यवहार रूढ झाला.

या चाळींच्या जागी आता उत्तुंग इमारती उभ्या राहत असून, वरळी येथे २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या सदनिकांचा ताबा देण्यास प्रारंभ झाला. क्षेत्रफळ तिपटीहून अधिक वाढले, ही इष्टापत्तीच होय. तथापि बोळाचे कार्य नव्या रचनेत कोणी करावयाचे, याचे उत्तर केवळ क्षेत्रफळाच्या हिशेबातून मिळणार नाही.