भुशीचे पाणी आणि फुटप्लेटवरची बढती

लोणावळ्याजवळ भुशी येथे इंद्रायणीवर जे धरण आहे, ते जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने आपल्या बाष्पइंजिनांच्या पाण्यासाठी बांधले. लोणावळ्याला चढून येणारा बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. सुमारे 25 किलोमीटरच्या या चढावर तेव्हा 25 बोगदे होते, आणि काही ठिकाणी 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे. एवढी चढण चढून आलेल्या इंजिनाची तहान मोठी असणारच. घाटामुळे लोणावळ्याला रेल्वेची वसाहत उभी राहिली आणि मावळातल्या घरांतून रेल्वेची नोकरी शिरली.

इंजिनावरच्या नोकरीची शिडी सर्वांना ठाऊक होती. आधी क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, पुढे पॅसेंजरचा आणि शेवटी मेलचा. एतद्देशीय माणूस खालच्या पायऱ्या चढे. वरच्या बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांसाठी राखून ठेवलेल्या असत. मेल गाडी एतद्देशीयाच्या हाती देणे धोक्याचे, असे कारण पुढे केले जाई. ते टिकणारे नव्हते, कारण त्याच घाटात त्याच गाडीवर कोळसा टाकणारा फायरमन बहुधा एतद्देशीयच असे. एकाच कामासाठी पगार वेगळा, क्वार्टर वेगळे, विश्रांतिगृहेही वेगळी असत.

तारेवर काम करणाऱ्या सिग्नलरांनी 1899 च्या मे महिन्यात जी. आय. पी.वर संप केला. पगार आणि कामाचे तास यांबरोबर बढती हीही त्यांची तक्रार होती. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांची बाजू उचलून धरली, पण संप मोडला.

सरकारने 1925 साली ही रेल्वे आपल्याकडे घेतली, तरी भेद लगेच गेला नाही. 1931 साली कामगारविषयक रॉयल कमिशनने रेल्वेतील वांशिक भेद ठरावीक मुदतीत टप्प्याटप्प्याने नाहीसा करण्याची शिफारस केली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, 1934 साली, सरकारने रेल्वेच्या दुय्यम नोकऱ्यांपैकी 8 टक्के अँग्लो-इंडियन व येथे स्थायिक युरोपीयांसाठी राखून ठेवल्या. राज्यघटनेच्या कलम 336 ने ही सवलत दर दोन वर्षांनी कमी होत दहा वर्षांत संपेल अशी तरतूद केली.

कल्याण–पुणे मार्ग 1929–30 च्या सुमारास विजेवर आला. भुशीच्या पाण्याचे घाटातील मुख्य गिऱ्हाईक तेव्हा गेले. फायरमनच्या जागी असिस्टंट ड्रायव्हर आला, आणि वांशिक अडथळाही हळूहळू ओसरला. स्त्रियांसाठी मात्र फुटप्लेट, म्हणजे इंजिनातली चालकाची जागा, बंदच होती. ती मनाई कुठे लिहून ठेवण्याची गरजही कुणाला भासली नसावी.

साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये मध्य रेल्वेवर असिस्टंट ड्रायव्हर झाल्या. 1998 मध्ये त्यांच्याकडे मालगाडी आली, 2000 मध्ये मुंबईची महिला लोकल, आणि 2010 मध्ये त्या घाटाच्या ड्रायव्हर झाल्या. क्लीनर ते मेल ही जुनी वाट पुरुषांनाही लांब पडे. यादव यांना मालगाडीपर्यंत यायलाच नऊ वर्षे लागली. 8 मार्च 2011 रोजी त्यांनी पुण्याहून निघालेली डेक्कन क्वीन बोरघाट उतरवून मुंबईला नेली.