तीन महाविद्यालयांचे सातारचे विद्यापीठ

विद्यापीठाचा विस्तार म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो विस्तीर्ण माळ आणि त्यावर एकेक करून उभे राहणारे विभाग. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ याच रीतीने वाढले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या विद्यापीठाकडे प्रारंभी ३४ संलग्न महाविद्यालये आणि अवघे पाच पदव्युत्तर विभाग होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या कारकिर्दीत सागरमाळावरील सुमारे ८५३ एकरांच्या परिसराला आकार येत गेला. सातारा येथे २०२१ साली स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची घडण मात्र निराळी आहे. छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स या रयत शिक्षण संस्थेच्या तीन चालत्या महाविद्यालयांचा समूह म्हणजेच हे विद्यापीठ होय.

अशा समूह विद्यापीठाची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आहे. केंद्राच्या २०१३ च्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानानेही जवळजवळच्या महाविद्यालयांतून विद्यापीठ घडविण्याच्या या कल्पनेला निधीची जोड दिली. मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम आदी शासकीय संस्थांचे डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ याच धर्तीवर आधी आकारास आले होते. साताऱ्याच्या निमित्ताने ही कल्पना महानगराबाहेर, ग्रामीण विद्यार्थ्यांच्या जिल्ह्यात पोहोचली.

छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कर्मवीरांनी ते १९४७ च्या जूनमध्ये सुरू केले, तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि सातारा त्याच्या कक्षेत गेला. १९६२ नंतर पदवीपत्रावर शिवाजी विद्यापीठाचे नाव आले. चौथे नाव खुद्द संस्थापकाचे. वसतिगृहात राहून, शेतात वा बांधकामावर श्रम करून शिकणाऱ्या मुलांसाठी काढलेले महाविद्यालय पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर विद्यापीठाचा घटक झाले.

नाव बदलल्याने विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, याचे उत्तर पदव्युत्तर शिक्षणात शोधावे लागते. संलग्न महाविद्यालयाला एम.एस्सी.चा एखादा नवा विषय सुरू करायचा तर तो बृहत् आराखड्यात बसावा लागतो, विद्यापीठाकडे प्रस्ताव जातो, पाहणी समिती येते, शासनाची मान्यता लागते. अभ्यासक्रम ठरविणारे मंडळ दूर कोल्हापुरात, आणि तो तीन जिल्ह्यांतील सर्व महाविद्यालयांना सारखाच लागू. समूह विद्यापीठाची विद्या परिषद व अभ्यास मंडळे स्वतःची असतात. कोयनेची वीज, कास पठाराची वनस्पतिसृष्टी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कृष्णाकाठचा ऊस आणि माण-खटावचा दुष्काळ हे सारे एकाच जिल्ह्यात असताना येथील संशोधनाला विषयांची वाण नाही. हे विषय अभ्यासक्रमात कितपत उतरतात, यावरच स्वातंत्र्याचा उपयोग ठरेल. विद्यार्थ्याच्या दृष्टीने अंतराचा हिशेबही मोठा आहे. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर, कोल्हापूर सुमारे १२०. दोन्हीकडे खोली आणि खानावळीचा खर्च आला. मुलीला परगावी ठेवण्यास तयार नसलेल्या घरात पदवीनंतरचे शिक्षण गावातच मिळते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

खरी अडचण शिक्षकांची आहे. राज्यातील महाविद्यालयांतले अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शुल्क विद्यार्थ्याने भरायचे आणि शिकवायचे तासिका तत्त्वावरील अध्यापकाने, अशी ती व्यवस्था. पीएच.डी.साठी मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवा आणि तो बहुधा कायम अध्यापकच असतो. रिक्त पदे न भरता केवळ अभ्यासक्रमांची संख्या वाढविल्यास विद्यापीठ वाढल्याचे दिसेल, एवढेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि त्यापुढे एका वर्षाची पदव्युत्तर पदवी ही रचना येत असल्याने हा ताण अधिकच जाणवणार आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून महिन्याकाठी मिळणारे पैसे विनाअनुदानित शुल्काला कितपत पुरे पडतील, हा प्रश्न कर्मवीरांच्या नावाच्या विद्यापीठाला टाळता येण्यासारखा नाही.

शेजारच्या सांगलीची स्थिती या संदर्भात विचार करायला लावणारी आहे. काले येथे रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला त्याच १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. साताऱ्यात कर्मवीरांचे महाविद्यालय निघाले त्याच १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, जे पुढे वालचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. वयाने आणि लौकिकाने दोन्ही शहरे तोडीस तोड. तरीही सांगलीत मुख्यालय असलेले सार्वजनिक राज्य विद्यापीठ नाही. याचे एक कारण भूगोलात आहे: कोल्हापूर तेथून जेमतेम ५० किलोमीटर. दुसरे संस्थांच्या रचनेत. साताऱ्याची तिन्ही महाविद्यालये एकाच संस्थेची असल्याने ती एका छत्राखाली आणणे सोपे गेले. सांगलीतील नामवंत महाविद्यालये वेगवेगळ्या संस्थांची आहेत. सोलापूरने तिसरी वाट चोखाळली. तेथील शिवाजी विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्राचे २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर होऊन अख्खा जिल्हा त्याच्या कक्षेत आला.

साताऱ्याच्या विद्यापीठाची कक्षा मात्र त्याच्या घटक महाविद्यालयांपुरतीच आहे. कराडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय रयतचेच. पण ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न राहिले. माण-खटावच्या महाविद्यालयातून पदवी घेणारा विद्यार्थी म्हणजे साताऱ्याच्या दृष्टीने दुसऱ्या विद्यापीठाचा पदवीधर ठरतो. त्याला पदव्युत्तर वर्गात किती जागा मोकळ्या ठेवल्या जातात आणि वसतिगृहात खाट मिळते का, यावर जिल्ह्याला या विद्यापीठाचा लाभ किती, हे अवलंबून राहील.