पारस आणि इराण : एका देशाचीं दोन नांवें



मुंबईंत मी मास्तरकी करीत होतों तेव्हां आमच्या वर्गांत आशियाचा एक जुना, कापडावर चिकटविलेला नकाशा टांगलेला असे. त्यांत आपल्या पश्चिमेकडील एका देशावर ‘पर्शिया’ अशीं अक्षरें होतीं. त्यावर छडी ठेवून मी दर वर्षीं सांगत असें कीं, इ. स. १९३५ मध्यें या देशानें आपलें नांव बदलून ‘इराण’ असें ठेवलें. एके वर्षीं एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “गुरुजी, आमच्या नाक्यावरचें इराण्याचें हॉटेल त्याच्याही आधींचें आहे. मग त्याला लोक तेव्हां काय म्हणत?” मला उत्तर सुचलें नाहीं. ‘उद्यां सांगेन’ म्हणून मीं वेळ मारून नेली. तो उद्यां कधीं आला नाहीं. तें उत्तर आज देत आहें.

खरी गोष्ट अशी कीं, १९३५ सालीं त्या देशानें नांव बदललेंच नव्हतें. रेझा शहा पहलवीच्या सरकारनें परराष्ट्रांना एवढेंच कळविलें कीं, त्या वर्षाच्या नवरोजापासून, म्हणजे मार्च महिन्यापासून, पत्रव्यवहारांत ‘पर्शिया’ न लिहितां ‘इराण’ लिहावें. बदलावयाची होती ती परक्यांची संवय. घरचीं माणसें आपल्या भूमीला शतकानुशतकें इराणच म्हणत आलीं होतीं.

मग ‘पर्शिया’ आलें कोठून? त्या देशाच्या नैर्ऋत्येस ‘पार्स’ नांवाचा प्रांत आहे. इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांत तेथल्या कुरुश राजानें, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतल्या सायरसनें, मोठें साम्राज्य उभारलें. ग्रीकांची गांठ पडली ती याच राजवंशाशीं. त्यांनीं प्रांताचें नांव साऱ्या देशाला दिलें आणि त्यांच्याकडून तें युरोपभर गेलें. आपल्याकडेही तेथील लोकांना ‘पारसीक’ म्हणत. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूची स्वारी त्यांच्यावर नेली आहे. पुढें सातव्या शतकांत अरबांनीं तो देश जिंकला. अरबी भाषेंत ‘प’ हा वर्ण नाहीं, म्हणून पार्सचें ‘फार्स’ झालें. आपला ‘पारशी’ शेजारी आणि जुन्या दफ्तरांतली ‘फारसी’ भाषा, हीं एकाच नांवाचीं दोन रूपें आहेत. शिराज शहर आजही फार्स प्रांताची राजधानी आहे.

‘इराण’ या नांवाचें मूळ मात्र ज्यानें शाळेंत संस्कृत घोकलें असेल त्याला चटकन् उमगेल. अवेस्तेंत ते लोक स्वतःला ‘ऐर्य’ म्हणवितात. आपण षष्ठीचें बहुवचन ‘आर्याणाम्’ असें चालवितों, ते ‘ऐर्यनाम्’ असें चालवीत. ‘आर्यांचा देश’ यांतला ‘आर्यांचा’ हा शब्द उच्चारांत झिजत झिजत ‘एरान’ झाला व पुढें ‘इराण’. दरायस राजानें (इ. स. पूर्वीं ५२२ ते ४८६) नक्श-ए-रुस्तम येथील आपल्या थडग्यावरील लेखांत स्वतःला पार्स, पार्साचा पुत्र, आर्य आणि आर्यवंशी म्हटलें आहे. लहान घर आणि मोठें घर त्यानें अशा रीतीनें निरनिराळें सांगून ठेविलें. ग्रीकांनीं त्यांतलें लहान तेवढें उचललें.

इ. स. २२४ मध्यें ससानी घराण्याची स्थापना करणारा अर्दशीर ‘एरानचा राजाधिराज’ म्हणवीत असे. त्याच्या मुलानें, शापूरनें, बिरुद वाढविलें तें ‘एरान आणि अनेरान’ असें. यांतला ‘अन्’ आपल्या ‘अनार्य’ शब्दांतलाच. राज्याला ते ‘एरानशहर’ म्हणत, कारण ‘शहर’ याचा अर्थ तेव्हां राज्य असा होता व तो शब्द आपल्या ‘क्षत्र’ शब्दाचा भाऊ आहे. इ. स. १०१० च्या सुमारास पुरा झालेल्या फिरदौसीच्या शाहनाम्यांत तर इराणचें नांव पदोपदीं येतें. येथें ‘आर्य’ ही एका लोकसमूहाची स्वतःची ओळख आहे. विसाव्या शतकांत युरोपांत या शब्दाला वंशाभिमानाचें जें विष चढलें, त्याच्याशीं तिचा संबंध जोडूं नये.

आतां मुंबईकडे वळूं. अनेक शतकांपूर्वीं धर्मरक्षणासाठीं जे जरथुष्ट्री गुजराथच्या किनाऱ्यास आले ते पारशी. एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या आरंभीं यझ्द, केरमान या बाजूंनीं जे आले ते इराणी. देश एकच, आधीं आलेल्यांना प्रांताचें नांव चिकटलें, मागून आलेल्यांना देशाचें.

आणि परक्यांना दोष तरी काय द्यावा? याच इराण्यांच्या तोंडीं ‘सिंधु’चें ‘हिंदु’ झालें, ग्रीकांनीं नदीला ‘इंडोस’ म्हटलें, आणि एका नदीचें नांव आपल्या साऱ्या देशाला लागलें. आपल्या संविधानाच्या पहिल्या कलमांत ‘इंडिया’ आणि ‘भारत’ हीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं बसलीं आहेत.

यावरून मी एवढें शिकलों कीं, अमक्या देशानें नांव बदललें असें म्हणण्यापूर्वीं त्या घरचीं माणसें आधीं काय म्हणत होतीं, हें विचारावें. ती मुलगी आज कोठें असेल कोण जाणे. तिचा प्रश्न बरोबर होता. चुकला होता तो माझा धडा.